मुळाशी गेलेला माणूस : डॉ. नेथन कॉब

लिंबाचं झाड पिवळं पडलं की आपला हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. पानं बारीक झाली, शेंडे वाळायला लागले, फळ सुपारीएवढंच राहिलं, की पंप पाठीवर येतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली ही गत. कारण पुष्कळ वेळा दुखणं पानात नसतंच, ते मुळाशी असतं. झाडाच्या आळ्यातली माती उकरून केसासारख्या बारीक मुळ्या हातात घ्या, पाण्यात खळबळून काढा. चांगली मुळी स्वच्छ निघते. धुऊनही मातीचे कण सोडत नसलेली, जाडसर, मळकट मुळी दिसली, तर तिथे सूत्रकृमी असण्याचा संशय घ्यावा.

या सूत्रकृमीला शास्त्रीय नाव देणारा, आणि त्याचा शत्रूही त्याच मातीत असतो हे शेतीशास्त्राला ठासून सांगणारा माणूस म्हणजे डॉ. नेथन ऑगस्टस कॉब. त्याला जाऊन आता नव्वदहून अधिक वर्षं झाली. परंदवडी, सोमाटणे, उर्से या आपल्या मावळपट्ट्यात भाताच्या जोडीला परसातलं, बांधावरचं लिंबू आहे आणि मावळात हरितगृहातला गुलाब-जरबेराही आहे. विदर्भात संत्रा, जालना-संभाजीनगरकडे मोसंबी, नगर-सोलापूरकडे कागदी लिंबू. या सगळ्यांच्या मुळाशी कॉबचा विषय आहे. म्हणून त्याचं चरित्र आपण वाचायला हवं.

मातीत आणि हत्यारांत वाढलेला

कॉबचा जन्म ३० जून १८५९ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्पेन्सर या छोट्या गावी झाला. घर श्रीमंत नव्हतं. शेतीची आणि हातची कामं लहानपणीच अंगवळणी पडली. ही सवय त्याला जन्मभर उपयोगी ठरली. पुढे शास्त्रज्ञ झाल्यावरही लागणारं उपकरण बाजारात मिळालं नाही, तर तो ते स्वतः बनवी. सूक्ष्मदर्शकाचे सुटे भाग, काचपट्ट्या, चाळण्या, चित्र काढायची साधनं, सगळ्यांत त्याने आपल्या हाताने सुधारणा केल्या.

वूस्टर इथल्या तंत्रशाळेतून तो १८८१ मध्ये पदवीधर झाला. त्याच वर्षी अ‍ॅलिस प्रॉक्टर हिच्याशी लग्न झालं. काही वर्षं शाळेत मास्तरकी केली. पण शिकायची भूक भागेना. बायको-मुलांसह तो जर्मनीला गेला आणि येना विद्यापीठातून १८८८ मध्ये डॉक्टर झाला. प्रबंधाचा विषय होता सूत्रकृमींची शरीररचना. त्या काळी हा विषय घेणारा माणूस लोकांना जरा विचित्रच वाटत असणार. माणसाच्या आणि जनावराच्या पोटातले जंत ठाऊक होते, पण मातीत आणि झाडाच्या मुळात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतांकडे फारसं कोणी बघत नव्हतं. इटलीत नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत काही काळ काम करून १८८९ मध्ये कॉब कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला पोचला.

ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांच्या बांधावर

सिडनीच्या विद्यापीठात थोडा काळ शिकवल्यावर तो न्यू साउथ वेल्सच्या कृषी खात्यात पिकांच्या रोगांचा तज्ज्ञ म्हणून लागला. पगारी नोकर म्हणून पूर्णवेळ हेच काम करणारा त्या देशातला तो पहिल्या काही जणांपैकी एक. गव्हाचा तांबेरा, उसाचा रोग, फळबागांच्या तक्रारी, जे येईल ते बघायचं. उसाच्या कांड्यातून डिंकासारखा स्राव येणारा रोग त्याने १८९३ मध्ये जिवाणूशी जोडून दाखवला. बेण्यातून पसरणारा हा रोग होता. रोगट बेणं लावायचं आणि मग उसाला दोष द्यायचा, हे आपल्याकडेही नवीन नाही.

त्याच सुमारास फिजी बेटातून आलेल्या केळीच्या मुळ्या त्याच्या हाती आल्या. त्या मुळ्यांत शिरून आतून पोखरणाऱ्या सूत्रकृमीचं वर्णन त्याने १८९३ मध्ये केलं. तेव्हा ती एक किरकोळ नोंद वाटली. पण साठ वर्षांनी, १९५३ मध्ये, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या संत्रावर्गीय बागा दरसाल पसरत्या वर्तुळासारख्या का खंगत चालल्या आहेत याचा शोध लागला, तेव्हा गुन्हेगार म्हणून हाच पोखरणारा सूत्रकृमी सापडला. तिथे रोगट झाडांबरोबर शेजारची चांगली दिसणारी झाडंही उपटून माती औषधाने धुरवावी लागली. आपल्या देशात हा सूत्रकृमी १९६६ मध्ये केरळात केळीवर नोंदला गेला. केळीचे मुनवे लांबून आणताना मुळ्या-माती साफ करून घ्या असं कृषी सहायक सांगतो, त्यामागे हा इतिहास आहे.

ऑस्ट्रेलियात कॉब असतानाच जगातली एक मोठी गोष्ट घडत होती. कॅलिफोर्नियाच्या संत्राबागा कापसासारख्या पांढऱ्या खवले किडीने बुडायला आल्या होत्या. ती कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. म्हणून १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच तिला खाणारा लहानसा ढालकिडा कॅलिफोर्नियात नेऊन सोडला, आणि थोड्याच काळात बागा वाचल्या. काट्याने काटा काढण्याची ही रीत शेतीशास्त्रात तिथून पक्की झाली. पुढे कॉबने मातीतल्या शत्रूसाठी हीच वाट सुचवली.

अर्धा आत, अर्धा बाहेर

१९०५ मध्ये कॉब हवाई बेटांवर ऊस बागायतदारांच्या संशोधन केंद्रात गेला. तिथे १९०६ मध्ये एका सूत्रकृमीच्या अंगात त्याला चमकदार दाणे गच्च भरलेले दिसले. सूत्रकृमीला झालेला तो रोग होता. ते दाणे कसले, हे ओळखण्याइतकं विज्ञान तेव्हा पुढे गेलं नव्हतं. त्याने नोंद करून ठेवली. ते जिवाणूचे बीजाणू होते हे १९७५ मध्ये सिद्ध झालं, आणि आज पाश्चुरिया या नावाने हा जिवाणू सूत्रकृमींच्या जैविक नियंत्रणातला एक महत्त्वाचा गडी मानला जातो. दिसलं ते लिहून ठेवलं, म्हणून पुढच्यांना धागा सापडला.

१९०७ मध्ये तो वॉशिंग्टनला अमेरिकेच्या कृषी खात्यात आला. आधी त्याच्याकडे काम होतं कापसाच्या प्रतवारीचं. धाग्याची लांबी आणि प्रत ठरवायची सरकारी मापं तयार करण्यात त्याचा मोठा हात होता. कापूस विकताना ग्रेडरच्या तोंडाकडे बघत बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण मन सूत्रकृमींत होतं. १९१२ मध्ये कॅलिफोर्नियात खंगलेल्या संत्रावर्गीय झाडांच्या मुळ्यांवर बारीक कृमी आढळले. कॉबने ते तपासून १९१३ मध्ये त्यांना टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स असं नाव दिलं. नावातच त्याचं वागणं आहे. सेमिपेनेट्रान्स म्हणजे अर्धा घुसलेला. मादी आपलं तोंडाकडचं अंग मुळीच्या सालीत खुपसते आणि एका जागी बसून रस पीत राहते. मागचं फुगीर अंग बाहेर मातीत. अंडी ती चिकट लाळीत घालते. त्या लाळीला मातीचे कण चिकटतात, म्हणून मुळी धुऊनही मळकट राहते. मादीची लांबी अर्धा मिलिमीटरही नसते. मानवेल तशी उबदार, ओलसर जमीन मिळाली की दीड-दोन महिन्यांत नवी पिढी तयार होते. म्हणजे वर्षाला कितीतरी पिढ्या, आणि ठिबकखालची ओल तर बाराही महिने.

झाड लगेच मरत नाही, हीच यातली मेख आहे. चार-पाच वर्षं ते हळूहळू खंगतं. फळ बारीक होतं, बहार धरवत नाही, शेंडेमर दिसते. तोवर मालकाने खतावर, फवारणीवर पैसा घालून ठेवलेला असतो. डिंक्या, पाणी साचणं, खताची कमतरता यांचीही लक्षणं अशीच असल्यामुळे वरून बघून निदान होत नाही. कॉबने हे ओळखलं होतं. म्हणून माती तपासायची रीत बसवणं हे त्याने आपलं मोठं काम मानलं.

बादलीतली माती

मातीतले सूत्रकृमी मोजायचे कसे? कॉबने १९१८ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. रीत इतकी साधी की घरातली बाई रोज तांदूळ धुताना जवळजवळ हेच करते. माती पाण्यात कालवायची, क्षणभर थांबायचं. खडे-रेती खाली बसते, हलके कृमी पाण्यात तरंगत राहतात. ते पाणी वरचेवर ओतून आधी मोठ्या, मग बारीक चाळणीतून गाळायचं. शेवटच्या बारीक चाळणीवर राहतात ते कृमी. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. आजही प्रयोगशाळांत मातीचा नमुना याच मार्गाने जातो आणि त्या रीतीला कॉबचंच नाव आहे.

या मोजणीतून एक गोष्ट पुढे आली. चिमूटभर मातीत नुसते शत्रू नसतात. पुष्कळ सूत्रकृमी जिवाणू खातात, बुरशी खातात, कुजलेलं पचवायला मदत करतात. पिकाला त्रास देणारे त्यातले थोडे. आणि काही तर दुसऱ्या सूत्रकृमींनाच खातात. सूत्रकृमींचं वेगळं शास्त्र असायला हवं हा आग्रह कॉबने धरला तो यामुळेच. हजाराहून अधिक जातींची वर्णनं त्याने केली. अमेरिकेत त्याला या शास्त्राचा जनक म्हणतात.

मातीतला वाघ

लिंबूवर्गीय सूत्रकृमीची नोंद कॉबने १९१३ मध्ये ज्या टिपणात दिली, त्याच टिपणात दुसऱ्या एका गटाचीही नोंद आहे. त्या गटाचं नाव मोनोंकस. शत्रू आणि शत्रूचा शत्रू एकाच कागदावर. मोनोंकसला मोठं, कठीण तोंड असतं आणि आत दात. तो मातीतल्या लहान सूत्रकृमींना धरून गिळतो किंवा फाडून खातो. १९१७ मध्ये कॉबने या गटावर मोठा लेख लिहिला, आणि १९२० मध्ये हे शिकारी कृमी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन शेतीच्या फायद्यासाठी सोडता येतील अशी सूचना जाहीरपणे मांडली. सूत्रकृमींच्या जैविक नियंत्रणाचा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्यांपैकी तो होता.

१९२२ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की एका मोनोंकसने बारा आठवड्यांत गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची १,३३२ पिल्लं मारली, त्यात एका दिवसात ८३. आकडा ऐकून कोणाही बागायतदाराला हुरूप येईल. मग हे वाघ पोत्यात भरून शेतोशेत का नाही गेले?

कारण काचेच्या बशीत जे घडलं ते वावरात घडेना. १९२७ मध्ये जेराल्ड थॉर्न याने युटा राज्यातल्या बीटच्या शेतांचा अभ्यास छापला. थॉर्न हा कॉबच्याच परंपरेतला. त्याला दिसलं, की मोनोंकसची संख्या कमी-जास्त होत राहते, तो हळू वाढतो, जमीन सुकली-नांगरली की मार खातो, आणि भक्ष्य कमी पडलं की आपल्याच जातभाईला खातो. नुसत्या त्याच्या भरवशावर पीक सोपवता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला. कॉबच्या हयातीतच त्याच्या लाडक्या कल्पनेला हा धक्का बसला. पण कल्पना टाकून देण्यासारखी नव्हती. चुकला होता तो फक्त गडी निवडण्यात आणि घाईत.

४ जून १९३२ रोजी बाल्टिमोर इथे कॉबचं निधन झालं. शेवटपर्यंत तो कामात होता. त्याची मुलगी फ्रीडा पुढे नावाजलेली वनस्पतिशास्त्रज्ञ झाली. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी अमेरिकेतलं सूत्रकृमीशास्त्र उभं केलं.

औषधांचा जमाना आणि त्याची किंमत

कॉबनंतर रसायनं आली. १९४३ पासून मातीत धूर सोडणारी औषधं, मग १९५० च्या दशकात डीबीसीपी, म्हणजे नेमॅगॉन. उभ्या बागेत देता येतं, झाड मरत नाही, कृमी मरतात, म्हणून ते जगभर लाडकं झालं. मग १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात हे औषध हाताळणाऱ्या कामगारांना मूल होत नसल्याचं उघड झालं. भूजलातही ते उतरल्याचं आढळलं. अमेरिकेने त्यावर बंदी आणली, भारतात १९८९ मध्ये ते बंद झालं. आपल्याकडे मुठीने टाकलं जाणारं फोरेटही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कोणाच्या कोठारात जुना डबा असेल तर तो विहिरीजवळच्या आळ्यात रिकामा करू नये.

मग शास्त्रज्ञ पुन्हा कॉबच्या वाटेवर आले. १९७९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात बटाट्याच्या मुळांवर सूत्रकृमींची अंडी खाणारी बुरशी सापडली. तीच आपल्या दुकानात पॅसिलोमायसिस म्हणून मिळते. शास्त्रज्ञ तिला आता परप्युरिओसिलियम म्हणतात. तिच्या जोडीला ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास. ही मंडळी मोनोंकसपेक्षा वाढवायला सोपी, पोत्यात टिकणारी आणि शेणखतावर पोसणारी. वाघ हरला, पण बुरशी कामाला आली.

आपल्या बागेसाठी

कॉबच्या आयुष्यातून शेतकरी बंधूंनी तीन गोष्टी उचलाव्यात.

पहिली, आधी बघा मग टाका. खंगायला लागलेल्या चार-सहा झाडांच्या विस्ताराच्या कडेला, ओल पोचते तिथून, वितीभर खोलीवरची माती आणि बारीक मुळ्या घ्या. पार वाळलेल्या झाडाखालची नको, तिथे कृमीही उपाशी मरून गेलेले असतात. एकत्र करून पावशेर-अर्धा किलो नमुना प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हात ठेवू नका, वाळू देऊ नका. चिठ्ठीवर गाव, गट नंबर, पीक, झाडाचं वय लिहा. राहुरी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठं आणि १९८५ मध्ये नागपूरला सुरू झालेली लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था यांचा सल्ला घेता येतो. मातीपरीक्षण म्हटलं की आपण नत्र-स्फुरद-पालाशच धरतो. सूत्रकृमीची तपासणी वेगळी मागावी लागते.

दुसरी, रोग विकत आणू नका. सूत्रकृमी स्वतः चालून फार लांब जात नाही. तो जातो कलमाच्या पिशवीतल्या मातीतून, अवजाराला चिकटलेल्या चिखलातून, वाहत्या पाण्यातून. आपल्याकडे खुंट म्हणून वापरतात ती जंबेरी आणि रंगपूर लिंबू या सूत्रकृमीला बळी पडतात. १९९० नंतर रोजगार हमीतून आणि २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजनेतून गावोगाव फळबागा लागल्या. कलमांचा ट्रक गावात येतो तेव्हा कृषी सहायक आणि ग्रामपंचायतीने चार कलमं पिशवीतून काढून मुळ्या धुऊन बघाव्यात. रोपवाटिका परवान्याची आहे का, माती धुरी दिलेली किंवा उन्हात तापवलेली आहे का, हे विचारावं. पाच मिनिटांचं काम आहे. ते टळलं तर वीस वर्षांची बाग जन्मतःच आजारी निघते. जुनी बाग काढली त्याच जागी लगेच पुन्हा लिंबू-संत्रा लावू नये. मधली काही वर्षं दुसरी पिकं घ्यावीत.

तिसरी, मित्राला जगवा. कॉबचा मोनोंकस शेतात टिकला नाही, कारण माती त्याला पोसणारी नव्हती. बुरशीचंही तसंच आहे. नुसती पुडी पाण्यात कालवून कोरड्या, सेंद्रिय नसलेल्या जमिनीत ओतली तर पैसे मातीत गेले. साधारण एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात पॅसिलोमायसिस, ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास प्रत्येकी दोन किलो मिसळून, सावलीत ओल राखून पंधरा दिवस ठेवतात, अधूनमधून खालीवर करतात. मग निंबोळी पेंडीबरोबर ते आळ्यात, बारीक मुळ्यांच्या जागी देतात. त्याच सुमारास बोर्डो मिश्रण किंवा दुसरं बुरशीनाशक आळ्यात ओतलं, तर आपणच सोडलेला गडी आपणच मारतो. पुडीवरची मुदत बघून घ्या. झाडाच्या वयाप्रमाणे मात्रा किती, हे तपासणीचा कागद दाखवून तज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जैविक उपायाने सूत्रकृमी नाहीसा होत नाही. त्याची संख्या दबून राहते आणि झाडाला नवी मुळी फोडायला उसंत मिळते. फरक एका बहारात न दिसता दोन-तीन बहारांत दिसतो. हरितगृहातल्या गाठींच्या सूत्रकृमीलाही हेच लागू आहे. तिथे पीक बदलताना झेंडूचं एक पीक मध्ये घेतलं तर त्याचीही मदत होते.

मृग बहाराला ताण द्यायच्या आधी बागेतल्या चार झाडांच्या मुळ्या एकदा धुऊन बघाव्यात. त्याला खर्च येतो तो बादलीभर पाण्याचा.